नाव आणि ज्ञान : दोन कादंबऱ्यांची वाचनप्रतीती

विज्ञानकादंबरी बुद्धीला आवाहन करते, तर अद्भुत कादंबरी वास्तवापासून पळवाट देते, ही विभागणी वाचनाच्या कसोटीवर कितपत टिकते? उर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीत वस्तूचे खरे नाव जाणणे म्हणजे तिच्यावर सत्ता मिळवणे होय. परंतु आपणच मोकळ्या सोडलेल्या सावलीला गेड अखेर स्वतःच्याच नावाने संबोधतो, तेव्हा वाचकाला सत्तेचा नव्हे, आत्मस्वीकाराचा प्रत्यय येतो. याउलट स्तानिस्वाव लेम यांच्या 'सोलारिस'मध्ये (१९६१) महासागरातून उद्भवणाऱ्या आकारांना शास्त्रज्ञ 'मिमॉइड', 'सिमेट्रियाड' अशा संज्ञा देत राहतात. ग्रंथालय वाढते, महासागर मात्र अज्ञेयच उरतो. केल्विनपुढे दिवंगत सहचरीचे रूप उभे राहते, तरी त्यामागील हेतू उलगडत नाही. नामकरण येथे ज्ञान न ठरता अज्ञानावरचे आवरण ठरते.

अशा रीतीने रूढ अपेक्षा उलटतात : अद्भुत कादंबरी वाचकाला स्वतःशी भिडवते, विज्ञानकादंबरी त्याला बुद्धीच्या सीमेवर आणून सोडते. म्हणूनच 'यातील विज्ञान कितपत अचूक?' एवढाच प्रश्न विचारणारी समीक्षा अपुरी पडते. जाणणे या कृतीविषयी कादंबरी काय सुचवते, हा तिचा खरा प्रश्न असायला हवा.