फियाटमधला षड्ज

गाडी झाडाखाली उभी करायची, इंजिन बंद, किल्ली अर्धीच फिरवलेली. कॅसेट आत सरकवली की आधी ‘खट्’, मग फितीची बारीक सळसळ आणि तिच्यातून हळूच वर येणारा तंबोरा. वडिलांच्या प्रीमिअर पद्मिनीतला टेप मी असा ऐकतो. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होणाऱ्या फियाट ११०० डीला पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये मिळालं. आमच्या घरात ती आजही फियाटच. हँड गिअरमुळे पुढची सीट सलग आणि डॅशबोर्डखाली मोकळी जागा. तिथेच पत्र्याच्या पट्टीवर टेप बसवलेला आहे.

त्याची तब्येत कळते ती ख्यालाच्या आरंभी गायकाने लांबवलेल्या षड्जावरून. तबला आला की पुष्कळ दोष झाकले जातात. एकटा स्वर काहीच झाकत नाही.

फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या गतीने सरकते. उदबत्तीच्या काडीएवढी पोलादी दांडी आणि तिला टेकलेलं रबरी चाक, म्हणजे पिंच रोलर, या दोघांच्या चिमटीतून ती ओढली जाते. रोलरचा व्यास जेमतेम सव्वा सेंटीमीटर, त्यामुळे तो सेकंदाला एकाहून थोडाच जास्त वेळा फिरतो. षड्ज साधारण त्याच ठेक्यात लचकू लागला, की रबराला खाच पडली असं समजावं. साध्या टेपमध्ये कॅसेट आत ठेवून किल्ली बंद केली तर रोलर दांडीवर दाबलेलाच राहतो आणि रबर तिथे कायमचं बसतं. उतरण्याआधी कॅसेट बाहेर, ही वडिलांची शिस्त मला लहानपणी कटकट वाटायची. लचक संथ आणि अनियमित असेल तर मात्र पट्टा बघावा. जुना रबरी पट्टा सैल होतो, कधी कधी डांबरासारखा वितळून पुलीला चिकटतो.

मला या यंत्रात सर्वांत सुंदर वाटतो तो फीत वाचणाऱ्या हेडशेजारचा, हेडचा कोन बदलणारा एवढासा स्क्रू. हेडमधली फट एक-दोन मायक्रॉनची. फीत तिच्याशी अचूक काटकोनात गेली नाही तर आधी वरची कंपनं हरवतात. तंबोरा वाजत राहतो, पण त्याची जवारी जाते. पुण्यातल्या उकाड्यात, काचा बंद करून, मी तो स्क्रू केसाएवढा फिरवत बसलो होतो. बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकाएकी त्या चार तारांभोवती झणकार उमलला. हात तिथेच थांबवला आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब सोडला.

जवारी आली, तरी खर्ज पोकळ होता. टेप पुन्हा दोनदा उघडला. दोष टेपमध्ये नव्हताच. मागच्या काचेखालच्या फळीवर दोन लंबगोल स्पीकर आहेत आणि त्यांची पाठ डिकीत उघडते. तंबोऱ्याला भोपळा, तशी त्यांना डिकी. पावसाळी ओलीने फळी फुगली, उन्हाने वाकली, आणि फटींतून स्पीकरच्या पुढचा नि मागचा आवाज एकमेकांना मारू लागला. प्लायवूडची नवी फळी कापून कडेने नमदा लावला, तेव्हा खर्ज भरला.

टेपचा दोष असा गाडीत निघाला, तेव्हापासून सीटचं काम आणि टेपचं काम मी वेगळं धरत नाही. जाड मखमली कव्हरं मी काढून टाकली, कारण ती वरचे स्वर पितात. मूळ रेक्झिन कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ फडक्याने पुसतो. उन्हात त्याचा मऊपणा उडतो आणि शिवणीशी चिरा पडतात, म्हणून गाडी सावलीतच. तेलकट पॉलिशची चमक दोन दिवसांची. त्यावर धूळ मात्र चिकटून राहते. जुन्या टेपच्या तोंडाआड ब्लूटूथ दडवून मिळतो, तो मला नको. फितीची ती सळसळ नसेल, तर तंबोरा कशातून वर येणार?

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस गेली. आमच्या गाडीचं काम मात्र संपलेलं नाही: छताचं अस्तर मागच्या डाव्या कोपऱ्यात सुटलंय. मंद्र षड्जाला ते थरथरतं, आणि तिथे बसलं तर डोक्यावर स्पष्ट ऐकू येतं. रविवारी ते काढायचं.