शंका, भय आणि पाचारण : ‘अरुणोदय’ व ‘स्मृतिचित्रे’

मराठीतील ख्रिस्ती आत्मचरित्रांचा विचार करताना समीक्षकांनी बहुधा दोन ठरीव वाटा पत्करलेल्या दिसतात. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) धर्मांतराच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचले जाते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) विनोदाने नटलेली प्रपंचकथा म्हणून वाखाणली जाते. पहिल्या वाचनात माणूस हरवतो आणि दुसऱ्यात त्या माणसाची धास्ती हरवते. वस्तुतः दोन्ही ग्रंथांचा गाभा एकाच प्रश्नात आहे. एखादी गोष्ट पटल्यानंतरही पाऊल का उचलत नाही, आणि अखेर ते कसे उचलले जाते?

या प्रश्नाकडे वळताना ‘शंका’ या शब्दाकडे क्षणभर पाहणे उपयुक्त ठरेल. संस्कृतातील ‘शङ्क्’ या धातूत संशय घेणे आणि भिणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीने ‘शंका’ शब्दात संशयाचा अर्थ ठेवला व भयाचा अर्थ मुख्यतः ‘आशंके’कडे सोपविला. भाषेने केलेली ही वाटणी सोयीची असली तरी मनोव्यापार तिला जुमानत नाही. बाबा पदमनजींच्या कथनात जुन्या धर्माविषयीच्या शंका ग्रंथांनी, व्याख्यानांनी आणि वादविवादांनी फिटत जातात. पण त्या फिटल्यावर जे उरते ते फेडणे कोणत्याही ग्रंथाच्या आटोक्यातले नसते. उरते ते भय. ते आपल्या माणसांचे असते, आणि त्याहूनही अधिक आपल्या स्वतःच्या हेतूंचे असते.

हे दुसरे भय पोकळ नव्हते. त्या काळी धर्मांतर करणाऱ्याविषयी समाजात एकच क्रियापद रूढ होते : ‘बाटला’. हे क्रियापद अकर्मक आहे. भांडे बाटते, पाणी बाटते, तसाच माणूसही बाटतो. त्यात त्याचे कर्तृत्व नसते, निर्णय नसतो. पोटासाठी, नोकरीसाठी किंवा कोणाच्या भुलावणीने हे त्याच्या बाबतीत ‘घडले’, एवढेच ते क्रियापद सांगते. ख्रिस्ती मंडळींचा शब्दप्रयोग मात्र ‘बाप्तिस्मा घेणे’ असा. तेथे कर्ता लागतो आणि तो तृतीयेत उभा राहतो : ‘त्याने घेतला’. (धर्मशास्त्राच्या दृष्टीने बाप्तिस्मा ही देण्याची वस्तू आहे, मराठीने तिला घेण्याची केली, हेही नोंदण्यासारखे आहे.) एकाच घटनेला अशी दोन क्रियापदे लागू होत असताना, आपल्याला त्यांतले कोणते शोभेल हे त्या माणसालाच ठाऊक नसते. लोक म्हणतात तसे आपण केवळ बाटणार तर नाही ना, अशी आत्मशंका त्याला घेरते. ‘अरुणोदया’तील विलंबाचे खरे कारण येथे शोधावे लागते.

बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. तेथील मिशनशाळेत व पुढे मुंबईत त्यांचे शिक्षण झाले. मुंबईत ते परमहंस सभेतही वावरले. या सभेचे स्वरूप आपल्या विषयाला फार उद्बोधक आहे. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा तेथे घेतली जाई, निषिद्ध हातचे खाल्ले जाई. पण हे सारे बंद दाराआड. सभासद आपापल्या घरी परतले की पूर्ववत् वागत. विचार धीट आणि आचार भित्रा अशी ही व्यवस्था होती, आणि तिचा शेवटही तिला साजेसाच झाला : १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली आणि सभा विरली. या पार्श्वभूमीवर बाप्तिस्म्याचे वेगळेपण कळते. तो विधी साक्षीदारांसमोर व्हावा लागतो. गुप्त राहणे त्याच्या स्वभावातच नाही. म्हणूनच मनाने ख्रिस्ती आणि वागणुकीने हिंदू अशा अवस्थेत बाबांचा जो काळ गेला, तो केवळ दुबळेपणाचा मानणे अन्यायाचे होईल. १८४३ मधील श्रीपत शेषाद्री याच्या प्रकरणाने मुंबई हादरली होती. अशा घटनेनंतर घरात काय होते हे प्रत्येक तरुण जाणून होता. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला खरा. पण आईबापांचे तोंड दिसत राहील अशी हमी कोणता कायदा देणार? बाबांनी ३ सप्टेंबर १८५४ रोजी बाप्तिस्मा घेतला तो मुंबईच्या अनोळखी गर्दीत नव्हे, जन्मगावी बेळगावात. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते.

असे असूनही ‘अरुणोदय’ हा ग्रंथ आपल्या आशयाला पुरता न्याय देत नाही, असे म्हणणे भाग आहे. लेखनाच्या वेळी बाबांची सत्तावन्न वर्षे उलटत आली होती. उपदेशकाची व ग्रंथकाराची दीर्घ कारकीर्द पाठीशी होती. शीर्षकच निकाल आधी सांगून टाकते. उजाडणार हे ठाऊक असलेल्या निवेदकाला काळोखाचे भय पूर्ण तीव्रतेने सांगता येत नाही; प्रत्येक अडखळण्यामागे त्याला ईश्वरी योजना दिसू लागते. श्रद्धेच्या दृष्टीने ते ठीक आहे, कथनाच्या दृष्टीने ती हानी आहे. जेथे घरचा विषय निघतो तेथे मात्र उपदेशक मागे सरतो आणि मुलगा पुढे येतो. ग्रंथातील खरे जिवंत भाग तेच.

‘स्मृतिचित्रे’त ही अडचण उद्भवत नाही, कारण लक्ष्मीबाई आपल्या पूर्वायुष्याकडे निकाल लागलेल्या खटल्यासारखे पाहतच नाहीत. त्यांचे भय विचारांतले नाही, हातांतले आहे. मातामहांना १८५७ च्या उठावानंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांच्या सोवळ्याने वेडाचे रूप घेतले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून चालेना. विटाळाचे भय हे अशा रीतीने त्या घरात एका राजकीय दहशतीचे अपत्य होते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हे सारे भय लक्ष्मीबाईंवर कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या, परतल्यावरही आपले सोवळे वेगळे राखून राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. परंतु अन्नपाण्याचा विटाळ मनातून गेला तो त्याआधीच, आणि तो टिळकांच्या प्रतिपादनाने गेला नाही. जात माणसानेच केली असली पाहिजे, या त्यांच्या स्वतःच्या विचाराने गेला. या क्रमाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे. बाबांच्या बाबतीत पटणे आधी आणि कृती फार मागून. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हात आधी मोकळा होतो, धर्ममत त्यामागून येते. स्वतःची फजिती सांगण्याची त्यांची पद्धत विनोदासाठी असते, हे खरे. पण भ्यालेल्या माणसाला भय मान्य करण्याचा तोच एक निर्मळ मार्ग त्यांना सापडलेला असतो, हे विसरता कामा नये.

मराठी बायबलाने ईश्वरी हाकेसाठी ‘पाचारण’ हा शब्द योजिला. बखरींतून तो धन्याने चाकराला बोलाविण्यासाठी येतो. ‘पाचारण’ झाले की हजर व्हावयाचे, विचारपूस नाही. ‘अरुणोदया’तील हाक याच जातीची आहे, म्हणून तेथील विलंब निवेदकाला अपराधासारखा वाटतो. ‘स्मृतिचित्रे’तील हाकेला मात्र ‘बोलावणे’ हाच शब्द साजेल. बोलावण्याला कुरकुर चालते, सबब चालते, उशीर चालतो. आणि उशिरा गेले तरी पान मांडलेले असते. दोन्ही शब्द मराठीचेच. दुसऱ्याला धर्मभाषेत स्थान मिळाले नाही ही उणीव लक्ष्मीबाईंच्या गद्याने आपोआप भरून काढली.

टिळक १९१९ मध्ये वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुढे नेण्याचे काम शाळेचे तोंड न पाहिलेल्या, अक्षरओळखही पतीकडून झालेल्या लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्याच्या ओव्या वृद्धापकाळापर्यंत रचीत राहिल्या.