शब्द बरोबर, उंची चूक : ‘फेटल वर्ड्स’बद्दल थोडी तक्रार

रेडिओवरच्या बोलण्यातून विमान अपघात कसे होतात, या विषयाकडे भाषेच्या अंगानं वळणारा विद्यार्थी बहुतेक वेळा स्टीव्हन कुशिंग यांच्या ‘फेटल वर्ड्स’पासून सुरुवात करतो. १९९४ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनानं काढलेलं हे पुस्तक. मीही त्यातलीच. वाचायला सोपं आहे आणि त्यातली उदाहरणं डोक्यातून जात नाहीत. पण माझं प्रबंधाचं काम पुढे सरकतंय तसं वाटायला लागलंय की या पुस्तकानं आम्हा भाषावाल्यांना एक खोड लावली, आणि ती काही चांगली नाही. काय ते सांगते.

(गंगाखेडात बसून विमानांचा कसला अभ्यास, हा प्रश्न मला इथं आठवड्याला एकदा तरी ऐकावा लागतो. विमान पकडायला आपल्याला नांदेडला जावं लागतं, हे खरं. पण माझा विषय विमान नाही, बोलणं आहे.)

आधी पुस्तकाचं बलस्थान. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो जेट धडकली, ५८३ माणसं गेली. त्याआधी केएलएमच्या वैमानिकानं सांगितलं होतं, ‘वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’. कंट्रोलरला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं. कुशिंग म्हणतात, वैमानिकाच्या तोंडी शब्द इंग्रजी होते, पण वाक्याची ठेवण डच होती. मराठी माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. फोनवर ‘निघालोच’ म्हणणारा अजून चप्पल शोधत असतो, आणि ‘आलो, आलो’ म्हणणारा आलेला नसतो. आपण भूतकाळाचं रूप वापरून भविष्य सांगतो आणि समोरच्याला ते कळतं, कारण समोरचाही मराठीच असतो. रेडिओवर ती सोय नाही.

आता माझ्या मुख्य विषयाकडे, म्हणजे इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोचकडे. ढग, पाऊस, अंधार यामुळे जमीन दिसत नसते तेव्हा वैमानिक उपकरणांवर नजर ठेवून, नकाशात आखून दिलेल्या टप्प्यांनी खाली येतो. अमुक ठिकाण ओलांडेपर्यंत अमुक उंचीच्या खाली यायचं नाही, असा प्रत्येक टप्प्याचा नियम असतो. १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरचं मालवाहू विमान असंच उतरत होतं. कंट्रोलर म्हणाला, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. त्याला २४०० फूट म्हणायचं होतं. वैमानिकानं पहिला ‘टू’ हा आकडा न समजता ‘पर्यंत’ या अर्थाचा समजला आणि ४०० फूट असं धरलं. त्यानं उलट सांगितलंही, ‘ओके, फोर झीरो झीरो’. कंट्रोलरच्या कानावरून ते तसंच गेलं. विमान टेकडीवर आदळलं आणि चौघंही गेले. प्रमाण पद्धतीनं ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ म्हटलं असतं तर हा घोळ झालाच नसता.

ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवणं म्हणजे रीडबॅक. ते बरोबर आहे का हे कान देऊन तपासणं म्हणजे हिअरबॅक. आपल्याकडं रेल्वेचा स्टेशनमास्तर आणि फाटकवाला फोनवर प्रायव्हेट नंबर देतात-घेतात. फाटक बंद केल्याची ती खूण, नुसत्या ‘हो’वर गाडी सोडत नाहीत. तिथं नंबर लिहून घ्यावा लागतो. रेडिओवर मात्र हिअरबॅक ऐकणाऱ्याच्या लक्षावर अवलंबून, आणि गर्दीच्या वेळी नेमकं तेच कमी पडतं.

इथपर्यंत मी कुशिंग यांच्या बाजूनं आहे. अडचण पुढे आहे. पुस्तकाची सगळी मांडणी ‘शब्दानं घात केला’ अशी आहे. पण अ‍ॅप्रोचच्या काही फार मोठ्या अपघातांत एकही शब्द चुकीचा ऐकला गेलेला नाही.

१ डिसेंबर १९७४. टीडब्ल्यूएचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होतं. विमानतळ सुमारे ४४ मैल लांब असताना कंट्रोलरनं सांगितलं, ‘क्लिअर्ड फॉर अ‍ॅप्रोच’. वैमानिकांनी त्याचा अर्थ लावला, आता १८०० फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही. कंट्रोलरच्या मते उंची सांभाळायची जबाबदारी वैमानिकांची होती. विमान डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. चौकशी मंडळातसुद्धा दोष कोणाचा यावर एकमत झालं नाही. वाक्य दोघांनाही स्वच्छ ऐकू आलं होतं. त्या वाक्यातून कोणतं वचन मिळतं, यावर मात्र दोघांचं वेगळं मत होतं, आणि आपलं मत वेगळं आहे हेच दोघांना माहीत नव्हतं.

आता घराजवळ या. ७ जुलै १९६२ ची रात्र. सिडनीहून निघालेलं अलितालियाचं डीसी-८ बँकॉकवरून मुंबईला येत होतं. मुंबई अजून ऐंशीएक किलोमीटर लांब असताना ते जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ माणसं होती, एकही वाचलं नाही. चौकशीचा निष्कर्ष असा : दिशा-अंतराचा अंदाज चुकल्यामुळं वैमानिकाला आपण मुंबईच्या जवळ आलो असं वाटलं आणि तो थेट उतरण्याच्या तयारीनं वेळेआधीच खाली आला. किमान सुरक्षित उंचीचा नियम मोडला, हाती असलेल्या साधनांनी जागा पडताळली नाही आणि त्याला त्या भागातल्या भूभागाची माहिती नव्हती, असंही म्हटलं आहे.

हा निष्कर्ष चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो अपुरा वाटतो. घाट चढून जुन्नरला गेलेल्या माणसाला ‘खाली या’ हे शब्द ऐकताच डोंगर आठवेल. ज्यानं सह्याद्री पाहिलेलाच नाही, त्याच्यासाठी तीच परवानगी म्हणजे ‘खाली मोकळं आहे’. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की साध्या परवानगीमुळं जमिनीपासून अंतर राखायची वैमानिकाची जबाबदारी संपत नाही. नियम आहे, पण तो त्या वाक्यात ऐकू येत नाही. टीडब्ल्यूएचा अपघात बारा वर्षांनी झाला, प्रश्न तोच. कुशिंग यांच्या यादीत ‘टू’ आणि ‘टू’ यांच्या गोंधळाला जागा आहे. या प्रकाराला नीट जागा नाही, कारण इथं दोनअर्थी शब्दच नाही.

चरखी दादरी तर आपल्या सगळ्यांना आठवतं. १२ नोव्हेंबर १९९६, ३४९ मृत्यू. लोक अजून म्हणतात, ‘त्या कझाक पायलटला इंग्रजी येत नव्हतं.’ इतकं सोपं नव्हतं ते. उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, चढणाऱ्या सौदी विमानाला १४,००० वर. रेडिओवर बोलणारा कझाक माणूस विमान चालवत नव्हता, त्याचं काम फक्त बोलणं. उंची बघायची तर पायलटांच्या खांद्यावरून डोकावावं लागे. तो ‘हो’ म्हणत होता आणि विमान खाली जात होतं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे, म्हणून कंट्रोलरला त्या ‘हो’वरच विसंबावं लागलं.

दुसरी तक्रार हिशोबाची. कुशिंग अपघातांतून आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांतूनच उदाहरणं वेचतात. अमेरिकेत किम कार्डोसी यांनी नव्वदच्या दशकात रोजच्या संभाषणाच्या टेप ऐकून मोजणी केली, तर रीडबॅकमधल्या चुका एक टक्क्याच्याही आत निघाल्या. म्हणजे ही तुटपुंजी, अर्धवट भाषा बहुतेक वेळा उत्तम चालते. ती का चालते, हे कुशिंग विचारतच नाहीत. त्यांचा उपाय आहे पडद्यावर पर्याय निवडून संदेश पाठवायचा. तशी यंत्रणा आज समुद्रावरच्या लांब उड्डाणांत वापरतात. उतरताना मात्र आवाजच लागतो, कारण तिथं सेकंद मोजके असतात.

आणि या ‘शब्दाचा दोष’ वळणाचा एक परिणाम धोरणातही दिसतो. २००३ साली आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेनं इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या, किमान चौथी हवी. चौथीवाल्याची तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा, सहावीवाल्याची नाही. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलेल्या आव्हियान्का विमानात ७३ जण गेले. सहवैमानिकानं इंधन संपतंय असं सांगितलं होतं, ‘इमर्जन्सी’ हा शब्द मात्र उच्चारला नाही. त्या संभाषणात इंग्रजी मातृभाषा असलेले कंट्रोलरच होते. आजच्या नियमानं त्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली नसती.