जगलेले आणि रचलेले

नव्या दलित कथालेखकाला आज दोन सल्ले मिळतात. पहिला प्रस्थापितांच्या घरचा : आधी तंत्र शिका, मग लिहा. दुसरा आपल्या घरचा : तू जे भोगलेस ते जसेच्या तसे कागदावर उतरव, बाकीच्या भानगडीत पडू नकोस. पहिल्या सल्ल्याशी आपण पन्नासहून अधिक वर्षे भांडत आलो आहोत. दुसऱ्याशी भांडायला सहसा कोणी तयार नसते, कारण तो आपल्याच माणसाने आपुलकीने दिलेला असतो. मला तो अधिक घातक वाटतो. का वाटतो, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पहिल्याचा निकाल थोडक्यात लावू. ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ साली आले. कथेचा आरंभ कसा करावा, गुंतागुंत कशी वाढवावी, उत्कर्षबिंदू कुठे आणावा, हे शिकवणारा तंत्रवाद मराठीत त्यानंतर बराच काळ राज्य करून होता. चाळीसच्या दशकात गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांनी तो साचा मोडला. म्हणजे तंत्राविरुद्धचे बंड काही आपण सुरू केलेले नाही. आपला आक्षेप वेगळा होता आणि तो आजही खरा आहे. त्या साच्यातील गुंतागुंत मनाची आणि प्रेमाची होती, पोटाची आणि जातीची नव्हती. ज्याची उद्याची भाकरीच अनिश्चित आहे, त्याच्या कथेत गुंतागुंत बाहेरून आणून घालावी लागत नाही.

परंतु या योग्य आक्षेपातून आपण एक अयोग्य निष्कर्ष काढला : रचना ही त्यांची, अनुभव आपला. जणू रचना करणे हेच एका जातीचे वतन आहे आणि आपण ते स्वाभिमानाने नाकारले आहे! वास्तविक जे नाकारायचे ते वतन, रचना नव्हे.

याचा परिणाम काय झाला तो मी दरवर्षी पाहतो. माझे विद्यार्थी कथा लिहून आणतात. वह्यांची पाने, अलीकडे मोबाइलवर टाइप केलेला मजकूर. बहुतेकांच्या घरात त्यांच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. माझ्याही घरात नव्हते. या कथांतील निम्म्याअधिक कथा एकाच वाटेने जातात. गाव, पाटील, अत्याचार, आईचे अश्रू, शहर, शिक्षण, साहेबाची खुर्ची, मग गावी परत येणे आणि पाटलाची मान खाली जाणे. यातील एकही घटना खोटी नाही. तरीही कथा खोटी वाटते. कारण घटना लेखकाने जगलेल्या असल्या, तरी त्यांचा क्रम त्याने उसना घेतलेला असतो. कधी भाषणातून, कधी सिनेमातून. रचना केली नाही म्हणजे कथा साच्यातून सुटते, असे समजू नये. ज्याला स्वतःची रचना नसते, त्याला बाजारातली मिळते.

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आपण सगळे अभिमानाने सांगतो. संग्रह १९६३ चा. बागुल सुरतेकडे रेल्वेत नोकरीला होते आणि राहायला जागा मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली होती, हेही आपण सांगतो, आणि तिथेच थांबतो. जणू जात लपवावी लागली की कथा आपोआप तयार होते. या देशात जात लपवून खोली भाड्याने घेणारे लाखो झाले असतील, आजही असतील. त्यांतून ही कथा एकानेच लिहिली. ती त्याने कशी लिहिली, हे नव्या लेखकाने पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट, निवेदन 'मी'चे आहे. हा मी कथेतील प्रत्येकाशी खोटे वागतो, फक्त वाचकाशी खरे बोलतो. त्यामुळे पहिल्या पानापासून वाचक त्याच्या गुन्ह्यात सामील होतो आणि पकडले जाण्याची भीती वाचकाच्या छातीत येऊन बसते. हीच कथा तृतीयपुरुषी लिहून पाहा, निम्मा प्राण जाईल. दुसरी गोष्ट, बागुलांनी काशिनाथ सकपाळ आणून उभा केला. तोही आपलाच, पण जात न लपवणारा, संतापी, कमरेला चाकू असलेला. मी गप्प बसतो आणि काशिनाथ भडकतो. लेखक कोणाचीही बाजू मांडायला भाषण करीत नाही. दोघांना एकाच कामाच्या जागी ठेवतो, आणि वाचकाला दोन्ही मार्गांची किंमत कळते. तिसरी गोष्ट, मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. रामचरण तिवारी हा खलनायक म्हणून आलेला नाही. तो या मीला कवी म्हणून मान देतो, त्याच्यावर माया करतो. काल मान देणारे जग जात कळताच मारायला उठते, म्हणून तो मार इतका लागतो. तिवारी पहिल्यापासून मिशा पिळणारा दुष्ट असता, तर दोष एका दुष्ट माणसाचा झाला असता, व्यवस्थेचा नव्हे. शेवटी निवेदक मारणाऱ्यांची नावे घेत नाही, मनूचे घेतो. ते उत्तर घोषणा वाटत नाही, कारण त्याची तयारी तिवारीच्या प्रेमळपणात आधीच झालेली आहे.

माझ्या विद्यार्थ्यांच्या कथांतील पाटील अजून मिशाच पिळतो आहे.

कोणी म्हणेल, बागुल वाचन करणारे, विचारवंत लेखक, त्यांचे सोडा. मग अण्णा भाऊ साठे घ्या. शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेला माणूस. 'स्मशानातील सोनं'मधील भीमा मुंबईला खाणीत काम करतो, खाण बंद पडते, पोटासाठी तो प्रेते उकरून सोने शोधू लागतो. कोल्ह्यांशी झुंजतो. प्रेताच्या जबड्यात बोटे अडकतात आणि दोन बोटे गमवावी लागतात. आणि मग कळते की खाण पुन्हा सुरू होणार आहे. ती बातमी चार दिवस आधी आली असती तर कथा नाही. आलीच नसती तरी कथा नाही, नुसती बीभत्स हकीकत. भूक, प्रेते आणि सोने हे दृश्य अंगावर येते खरे. पण खाण उघडण्याची वेळ लेखकाने ठरवली आहे. ज्या हातांना काम नव्हते तेव्हा ते हात धड होते, आणि काम आले तेव्हा ते तुटलेले आहेत. भांडवलशाहीवर एक वाक्यही न लिहिता ते सांगून झाले.

अण्णा भाऊ हे कुठे शिकले? कोणत्या कार्यशाळेत? लाल बावटा कलापथकात, अमर शेख आणि गवाणकरांबरोबर, कामगारांसमोर उभे राहून. समोरचा श्रोता दिवसभर गिरणीत राबून आलेला असतो. त्याला कंटाळा आला की तो उठून जातो, अभिप्राय लिहून पाठवीत नाही. आपल्याकडे जलसा होता, वग होता, पोवाडा होता. कुठे थांबायचे, कुठे हसवून मग मारायचे, हे शिक्षण या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या चाललेले आहे. माझी आजी निरक्षर, पण गोष्ट सांगताना ऐन मोक्यावर चुलीतले लाकूड पुढे सारायला थांबे, आणि आम्ही श्वास रोखून बसत असू. तेव्हा रचना परकी आहे असे म्हणणे म्हणजे आपल्याच म्हाताऱ्यांचा अपमान करणे आहे. म्हणून विद्यार्थ्यांना मी एक साधी गोष्ट करायला सांगतो. लिहिलेली कथा आधी प्राध्यापकाला दाखवू नका, घरी मोठ्याने वाचा. आई कुठे दुसऱ्या कामाला लागते तिथे खूण करा.

भाषेविषयी एक शब्द. बोलीत लिहिले की कथा अस्सल झाली, असाही एक समज पसरला आहे. प्रत्यक्षात बहुतेक कथांत आई बोलीत बोलते आणि निवेदक पाठ्यपुस्तकाच्या मराठीत तिचे वर्णन करतो. मग तो नकळत तिच्यापासून दूर, बाकावर बसलेल्या मास्तरांशेजारी जाऊन उभा राहतो. आणि बागुलांचे निवेदन तर बोली नाहीच. ते तापलेले, प्रतिमांनी भरलेले, कधी संस्कृत शब्दांचे घण घालणारे आहे. प्रश्न बोली की प्रमाण हा नाही. निवेदक कोणाच्या शेजारी उभा आहे, हा आहे.

आता छापण्याच्या संधीविषयी, कारण विद्यार्थी शेवटी तेच विचारतात. दिवाळी अंक आहेत, कथास्पर्धा आहेत, आपली नियतकालिके आहेत. पण एक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. 'बलुतं' १९७८ साली आले. 'उपरा' १९८० ला, 'तराळ-अंतराळ' १९८१ ला, 'अक्करमाशी' १९८४ ला, 'उचल्या' १९८७ ला. या पुस्तकांनी मराठी साहित्याचा पाया हलवला, याबद्दल वाद नाही. मात्र त्यानंतर प्रकाशक आणि वाचक दोघांनाही एक सवय लागली. दलित लेखक म्हटला की त्याने साक्ष द्यावी. कल्पना इतरांनी करावी, आपण पुरावा आणावा.

काही वर्षांपूर्वी एका कथास्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलीची कथा आली होती, ऊसतोड कामगार बाईची. कथा थंड डोक्याने लिहिलेली, शेवट उघडा ठेवलेला. दुसऱ्या परीक्षकांनी तिला बोलावून विचारले, "हे तुमच्या घरी घडलेले आहे का?" ती म्हणाली, "नाही सर, मी रचलं." त्यांनी तिचे गुण कमी केले. स्पर्धेत पहिली आलेली कथा एका सवर्ण मुलाची होती, समुद्रावरची. तो समुद्रावर राहिला होता का, हे त्याला कोणीच विचारले नाही.

उर्मिला पवारांच्या 'कवच' या कथेत आंबे विकणाऱ्या बाईची गोष्ट तिच्या मुलाच्या, गौऱ्याच्या नजरेतून येते. लोकांच्या दुहेरी अर्थाच्या बोलण्याची लाज आणि भीती मुलाला वाटते. आई त्या जिभांना पुरून उरते. बाई लेखिकेने मुलाच्या कातडीत शिरून आईकडे पाहिले. हा तिचा जगलेला अनुभव नव्हे, शक्यच नाही. तरीही कोकणातल्या बाजारातील ती बाई जितकी खरी आहे, तितकी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील कोणतीही बाई मला दिसलेली नाही.

त्या ऊसतोडीच्या कथेची प्रत मी मागून घेतली आणि मुलीला दोन ठिकाणे सुचवली. सोबतच्या पत्रात स्वतःचे गाव, जात, आईवडिलांचा व्यवसाय काहीही लिहू नकोस, फक्त कथा पाठव, असे सांगितले. एकाने परत केली. दुसऱ्याने शेवटचा परिच्छेद काढायला सांगितला. ती म्हणाली, "सर, शेवट नाही काढणार." कथा सध्या तिसरीकडे गेली आहे.