छपराखाली आलेला खेळ आणि दारातच थांबलेला कॅमेरा

कुस्ती, कबड्डी आणि खो-खो हे खान्देशाचे तिन्ही लाडके खेळ मुळात मातीतले आणि दिवसाउजेडीचे. १९६२ साली धुळ्यात महाराष्ट्र केसरीचा किताब भगवान मोरे यांनी जिंकला, तो काळ लाल मातीचा होता. पुढे कबड्डी १९९०मध्ये आशियाई खेळांत गेली, २०१४मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, २०२२मध्ये अल्टिमेट खो-खो आली आणि जानेवारी २०२५मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वायकर आणि प्रियंका इंगळे या दोन महाराष्ट्राच्याच कर्णधारांनी तो भारताला जिंकून दिला. हे सगळं टीव्हीवर पाहिल्यावर जिल्ह्याच्या आयोजकालाही मॅट हवीशी वाटते. मॅट अंथरली की तिला छप्पर लागतं, छप्पर आलं की दिवे आले. असा खेळ हळूहळू घरात आला.

त्याच्यामागून छायाचित्रकार मात्र पुरता आत आलेला नाही. जळगाव आणि धुळ्यात अशा स्पर्धांचे फोटो निघतात भरपूर, त्यांतले लक्षात राहणारे फार थोडे. कोणालाही विचारा, उत्तर एकच येतं: हॉलमध्ये उजेडच नसतो. माझ्या मते अंधार हे अर्धंच कारण आहे, आणि ते अर्धंही आता झपाट्याने संपत चाललं आहे.

आधी त्या अर्ध्या कारणाचा हिशेब करू. साध्या बॅडमिंटन हॉलमध्ये कोर्टावर तीनशे लक्सच्या आसपास उजेड आहे असं धरा. डोळ्यांना तो पुरतो. पण स्मॅश मारणारा हात स्थिर दिसायला हवा असेल तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतंच उघडून चालेल. एफ २.८ची महागडी लेन्स असली तरी अशा वेळी आयएसओ ६४०० लागतो. कॅमेऱ्यासोबत मिळालेली किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६वर येते, तिथे तोच आकडा २५,६०० होतो. रोलच्या काळात ४००ची फिल्म डेव्हलप करताना १६००पर्यंत ओढत, आणि तरीही या उजेडात अडीचशेव्या भागापलीकडे जाता येत नसे. त्या वेळचे फोटो हलले असतील तर दोष छायाचित्रकाराचा नव्हता. २००७मध्ये निकॉनचा डी-३ आला आणि ६४०० हा आकडा नेहमीच्या वापरातला झाला. आज त्याहून कितीतरी स्वस्त कॅमेरे ते काम करतात. जोडीला ५० किंवा ८५ मिलिमीटरची एफ १.८ची साधी प्राइम लेन्स घेतली तर आयएसओ तीन हजारांच्या आतच भागतं. आपल्याकडे लग्नाच्या पोर्ट्रेटसाठी ही लेन्स बहुतेकांच्या बॅगेत असतेच. हॉलमध्ये ती बॅगेबाहेर का निघत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

दिव्यांचं एक दुखणं मात्र खरं आहे. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांत हे होतंच, स्वस्त ड्रायव्हरच्या एलईडीतही होतं. शटर हजाराव्या भागाचं ठेवलं की एक फ्रेम लख्ख आणि पुढची पिवळट, मळकट येते. आवाज नको म्हणून कोणी कॅमेरा सायलेंट मोडवर टाकला तर इलेक्ट्रॉनिक शटरमुळे चित्रावर आडवे पट्टे उमटतात. उपाय साधे आहेत: मेकॅनिकल शटर वापरावं आणि फ्लिकर टाळण्याची सोय चालू ठेवावी. कॅननने ती २०१४च्या ७-डी मार्क टूमध्ये दिली, आता बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. मेनूच्या पोटात दडलेली ही एक ओळ शोधणारे मला फार थोडे भेटले. बाकी, मेटल हॅलाइडच्या हॉलमध्ये वीज क्षणभर जाऊन आली तरी दिवे पुन्हा पेटायला काही मिनिटं घेतात. भारनियमन पाहिलेल्या खान्देशाला ते वेगळं सांगायला नको.

आता उरलेलं अर्धं कारण. जिल्ह्यात खेळ टिपणारा माणूस बहुधा लग्नसराईवर जगणारा असतो. त्यात कमीपणा काहीच नाही. तीन-तीन दिवसांची लग्नं, हळदीपासून पाठवणीपर्यंत, न थकता उभं राहून टिपणं हे मोठं कसब आहे. पण लग्नात क्षण छायाचित्रकारासाठी थांबतो. हार घालणारे हात तो थांबवतो, ‘इकडे बघा’ म्हणतो, नीट आलं नाही तर पुन्हा घालायला लावतो. ही सवय डोळ्यांत मुरली की माणूस हॉलमध्येही थांबलेलाच क्षण शोधतो. असा क्षण तिथे दोनदा मिळतो: उद्घाटनाला पाहुणे रांगेतल्या खेळाडूंशी हस्तांदोलन करतात तेव्हा, आणि बक्षीस वितरणाला. वर्तमानपत्रांनाही हेच सोयीचं पडतं. रात्रीची वेळ गाठायची असते, दोन कॉलमांची जागा असते, आणि फोटोत पाहुणे असले की आयोजक खूश. मधला तासभर जो खेळ झाला तो या दोन फोटोंच्या मध्ये नाहीसा होतो. चुकून खेळाचा फोटो काढलाच तर फ्लॅश मारून. बॅडमिंटनमध्ये फ्लॅशला मनाई असते, आणि ती योग्यच आहे. नजर वर असलेल्या खेळाडूच्या डोळ्यांत तो लखकन जातो. शिवाय फ्लॅशने चेहरा पांढरा पडतो, मागची भिंत काळी होते आणि हॉलचा स्वतःचा उजेड मरतो.

मागची काळोखी कधी शत्रू असते आणि कधी देणगी, हे जळगाव जिल्ह्यातल्याच एका माणसाने पुरतं ओळखलं होतं. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९). रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्याला त्यांनी ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ म्हटलं आणि आयुष्याची जवळजवळ पाच दशकं त्याच्या बाहेर क्वचितच पाऊल टाकलं. टेबलावर छोट्या वस्तूंची रचना करून, तिच्यावर हवा तसा प्रकाश पाडून त्यांनी टेबल-टॉप छायाचित्रणात जे केलं त्याने त्यांना देशाबाहेरही नाव मिळालं. मूस यांचा विषय हलत नसे, त्यांना घाई नसे. खेळाच्या छायाचित्रणाशी त्यांचं नातं जोडणं ओढूनताणून वाटेल. तरी मला ते जवळचं वाटतं. प्रकाश कमी असला म्हणजे चित्र कमी होतं, हे त्यांनी कधी मानलं नाही. प्रकाश कुठून येतो आणि कुठे संपतो एवढं त्यांनी पाहिलं. हॉलमध्ये शिरणाऱ्याने पहिली दहा मिनिटं कॅमेरा न काढता हेच पाहावं. चारही कोपऱ्यांत उजेड सारखा कधीच नसतो. एका दिव्याखाली चेहरा उजळतो, दोन पावलांवर डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. मागे बॅनर, खुर्च्या आणि पाण्याचे जार असलेली बाजू टाळून अंधारी भिंत मागे घेतली की साध्या हॉलमध्येही खेळाडू काळोखातून पुढे आल्यासारखा दिसतो. चाळीसगावला मूस यांचं कलादालन आहे. जळगाव-धुळ्यातल्या किती क्रीडा छायाचित्रकारांनी ते पाहिलं असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

मूस यांच्याकडून घेता न येणारी गोष्ट म्हणजे वेळ. ती खेळाकडूनच घ्यावी लागते. खो-खो बघा. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत त्याला मागे वळता येत नाही. पळणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो रांगेतून नागमोडी निसटतो. छायाचित्रकारालाही माहीत असेल तर त्याचं निम्मं काम झालं. कॅमेरा माणसामागे भिरभिरवत बसायचं कारण उरत नाही. खांबाच्या बाजूला खाली बसून फोकस आधीच तिथे लावून ठेवावा. पाठलाग करणारा येतो, एका हाताने खांब धरून अंग झोकून देतो, दुसरा हात पळणाऱ्याच्या पाठीपर्यंत ताणतो. त्या ताणाच्या टोकाला क्षणभर त्याची गती मंदावते. तेवढ्या क्षणाला पाचशेवा भागही पुरतो, आणि आयएसओ एका टप्प्याने खाली येतो. खेळ ठाऊक असला की उजेड दुप्पट होतो, असं मी म्हणतो ते या अर्थाने. माहिती नसलेला माणूस सेकंदाला वीस फ्रेम झोडपतो, आणि हात पाठीला लागला तो क्षण दोन फ्रेमच्या मध्ये सुटतो.

कबड्डीचं गणित वेगळं. चढाई तीस सेकंदांची, त्यातली पहिली पंधरा-वीस बहुधा चाचपणीची. फोटो असतो तो शेवटच्या काही सेकंदांत, आणि ‘करा किंवा मरा’ चढाईत तर तो येणारच. चढाईपटूचा चेहरा हवा असेल तर बचाव करणाऱ्या संघाच्या मागे, अंतिम रेषेबाहेर, कोपऱ्यात बसायला हवं. पकड झाल्यावर मध्यरेषेकडे ताणलेला हात हवा असेल तर पंचांना विचारून रेषेच्या टोकाला. एका माणसाला दोन्हीकडे बसता येत नाही. कोणता फोटो सोडायचा हे आधी ठरवावं लागतं. आपल्याकडचे बरेचसे फोटो मधूनच, उभ्याने, गॅलरीतून काढलेले असतात. त्यांत सात पाठी दिसतात आणि एक डोकं. घोटा पकडणाऱ्या कोपरारक्षकाची धडपड जमिनीपासून हातभर उंचीवर घडते. तिथे डोळा नेल्याशिवाय ती दिसणार कशी? धुळ्या-जळगावात अलीकडे जे थोडे चांगले फोटो पाहायला मिळतात ते बहुधा स्वतः खेळलेल्या मुलांचे असतात. गुडघा दुखावला म्हणून बाहेर बसलेला एखादा चढाईपटू मित्राचा कॅमेरा घेतो आणि पहिल्याच स्पर्धेत मुरलेल्यांना मिळत नाही ते त्याला मिळतं. त्याच्या फोटोत ग्रेन असतो, कडा थोड्या हललेल्या असतात, पण पकड सुटते की टिकते हे चेहऱ्यावर वाचता येतं.

बॅडमिंटनमध्ये शटल गोठवण्याचा हट्ट मला पटत नाही. एप्रिल २०२३मध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारून विक्रम नोंदवला. त्या वेगाने शटल सेकंदाच्या हजाराव्या भागात पंधरा सेंटिमीटर पुढे जातं, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट. शालेय स्पर्धेतला स्मॅश ताशी दोनशेचा धरला तरी पाच सेंटिमीटर झालेच. तेव्हा शटलची रेघ येऊ द्यावी. चेहरा, मनगट आणि जमिनीवरून सुटलेली टाच धारदार असली की पुरे. मे महिन्यात जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असतो आणि शटल भरकटू नये म्हणून हॉलमधले पंखे बंद ठेवतात. मानेवरून ओघळणारा घाम, ओला बनियन, गेम संपल्यावर भिंतीला टेकलेलं पोर. खान्देशातल्या बॅडमिंटनचा खरा फोटो तिथे आहे, आणि तो पन्नासाव्या भागातही निघतो.

मोठं स्टेडियम नाही म्हणून मोठा फोटो नाही, ही सबबही तपासून पाहावी. जमिनीवर पडलेल्या सोनी लिस्टनवर ओरडणारा महंमद अली, हा नील लायफरचा जगप्रसिद्ध फोटो २५ मे १९६५ रोजी निघाला तो अमेरिकेतल्या लुइस्टन नावाच्या लहानशा गिरणीगावात, मुलांच्या आइस हॉकीच्या हॉलमध्ये. लायफर तेव्हा बावीस वर्षांचा होता. रिंगच्या वर टांगलेल्या स्ट्रोब दिव्यांवर तो काम करत होता. एकदा उडवले की ते पुन्हा भरायला वेळ लागायचा, त्यामुळे क्षणाला एकच फ्रेम मिळायची. त्याचाच एक ज्येष्ठ सहकारी रिंगच्या समोरच्या बाजूला बसला होता आणि फोटोत अलीच्या पायांमधून तो दिसतो. बसण्याची जागा नशिबाची होती, पण त्या एका फ्रेमसाठी राखलेला संयम नशिबाचा नव्हता. छताला दिवे टांगण्याची आयोजकांशी आधी बोलून करायची व्यवस्था आपल्याकडच्या निदान अंतिम सामन्याला अशक्य नाही. वरून येणारा तो उजेड कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशसारखा थेट डोळ्यांत घुसत नाही. तरीही खेळाडू आणि पंच यांची संमती हवीच, आणि बॅडमिंटन त्यातून वगळावं.

नवं संकट सॉफ्टवेअरचं आहे. २०२३पासून लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने नॉइज काढण्याची सोय आली. २५,६००चा फोटोही ती स्वच्छ करते. जपून वापरली तर उपकारक, पण आपल्याकडे ती शेवटच्या टोकापर्यंत ओढली जाते आणि कुस्तीगिराच्या कानाच्या वळ्या, कोपरावरची मॅटने सोललेली कातडी, घामाचे थेंब सगळं मेणासारखं गुळगुळीत होऊन बसतं. खेळाडूच्या अंगावर जे खेळाने लिहिलं ते पुसायचा अधिकार कोणाला नाही. पालकांच्या मोबाइलचा नाइट मोड आणखी वेगळं करतो. तो अनेक फ्रेम एकावर एक जोडतो, त्यामुळे स्थिर भिंत सुरेख येते आणि धावणाऱ्या मुलीचे हातपाय विरघळतात. मुलींच्या सामन्यांबद्दल एवढंच म्हणतो की अंगविक्षेपाचे, कपडे सरकलेले फोटो निवडताना कटाक्षाने बाजूला काढावेत आणि शाळेच्या परवानगीशिवाय काहीही इन्स्टाग्रामवर टाकू नये. पकडीत, झेपेत, जिंकल्यावरच्या आरोळीत मुली इतक्या जोरकस दिसतात की दुसरं काही शोधायची गरजच पडत नाही.

मला सर्वांत जास्त खटकतात त्या फोटोंखालच्या ओळी. पाहुण्यांची नावं पदांसह, उजवीकडून डावीकडे, आणि खेळाडूच्या फोटोखाली ‘सामन्यातील एक रोमहर्षक क्षण’. तो क्षण कोणाचा होता? साक्री, शिरपूर, यावल, चोपड्याकडून पहाटेच्या एसटीने आलेली मुलगी आठ मिनिटं पळत राहिली, तिचं नाव, शाळा, गाव आणि तारीख फोटोच्या फाइलमध्ये भरायला अर्धं मिनिट लागतं. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या छत्राखाली होतात, शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत. दर स्पर्धेचे वीस निवडक फोटो, नावांसह, या दोन ठिकाणी जमा करायचं ठरलं तर पाच वर्षांत खान्देशाच्या खेळाचा असा संग्रह उभा राहील की पुढच्या निवड समितीला, अभ्यासकाला आणि त्या मुलीच्या घरच्यांना तो उघडून पाहता येईल. कॅमेरे आहेत, लेन्स आहेत, पुरेसा उजेडही आहे. येत्या शालेय स्पर्धांपासून ते सुरू करता येईल.