नावाला देह देताना : ‘जेखाने भूतेर भय’

सत्यजित राय यांच्या दोन आणि शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या एका कथेवर आधारलेला संदीप राय यांचा ‘जेखाने भूतेर भय’ (२०१२) हा बंगाली चित्रपट मूळ कथानकांची फारशी मोडतोड करीत नाही. तरीही तो निराशा करतो. या अपयशाचे मूळ कथनाच्या पातळीवर शोधावे लागते.

‘ब्राउन साहेबेर बाडी’ ही मूळ कथा बंगळूरमध्ये घडते. एका एकाकी इंग्रज गृहस्थाची जुनी रोजनिशी निवेदकाच्या हाती लागते. मृत सायमन पुन्हा घरी येतो, खुर्चीत बसतो, असे तीत नोंदलेले असते. सायमन म्हणजे मांजर, हे अखेरीस उलगडते. तोवर निवेदक आणि वाचक दोघेही त्याला माणूसच समजत असतात. हा भ्रम केवळ लिखित नामावर उभा आहे. बंगाली क्रियापदाला लिंगभेद नाही. परंतु ‘सायमन येऊन बसला’ हे लिंगदर्शक मराठी वाक्यही ते रहस्य राखू शकते. नावाला देह नसतो. कॅमेऱ्याला मात्र देह दाखवावा लागतो किंवा लपवावा लागतो. आणि लपवणे हीदेखील सूचनाच ठरते.

‘अनाथबाबूर भय’मधील धक्काही प्रथमपुरुषी निवेदकाच्या विश्वासावर अवलंबून आहे : ज्याच्याशी तो बोलत असतो, तोच मृत निघतो. चित्रपटात या कथा तारिणीखुडो हे पात्र श्रोत्यांना सांगते. साक्षीदाराच्या जागी कथेकरी येतो आणि भय ऐकीव होते. शरदिंदूंच्या मिस्कील भूतकथेला ही चौकट मानवते. राय यांच्या कथांना ती मारक ठरते.

माध्यमांतरात कथानकावरील निष्ठा म्हणूनच अपुरी पडते. कथा कोण सांगतो आणि कशाच्या आधारे, हाही संहितेचाच भाग असतो.