‘अग्निरोधक’ : एका संज्ञेची परीक्षा

पर्लाइट आणि सोडियम सिलिकेट यांपासून केलेल्या कठीण ठोकळ्यांस मराठीत ‘अग्निरोधक’ म्हणण्याकडे कल दिसतो. ‘रुध्’ म्हणजे अडविणे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने शब्द निर्दोष आहे. परंतु जी संज्ञा तीन भिन्न गुणधर्म एकाच शब्दाखाली झाकते, ती शास्त्रीय लेखनास पुरी पडत नाही.

प्रथम वस्तूचा विचार करू. पर्लाइट हा ज्वालामुखीजन्य काचमय खडक असून त्यात सिलिकेचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक आणि पाणी साधारणतः २ ते ५ टक्के असते. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला काच मऊ होते, पाण्याची वाफ होते आणि दाणे ४ ते २० पट फुगतात. मोर्शीचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच. पण तो बसाल्ट असल्याने असा फुगत नाही. फुगलेले दाणे सिलिकेटच्या द्रावात कालवून, साच्यात हलकेच दाबून सावकाश वाळवितात. दाब अधिक झाल्यास दाणे चुरडतात आणि ज्या कोंडलेल्या हवेसाठी हा खटाटोप, तीच नाहीशी होते.

असा ठोकळा पेट घेत नाही, हा एक गुण. त्यातून उष्णता मंद गतीने जाते, हा दुसरा. विशिष्ट तापमानापर्यंत तो टिकतो, हा तिसरा. आणि ही मर्यादा सामान्यतः ६५० अंशांच्या आसपास आहे. लोहाराच्या भट्टीतील आच १००० अंशांपलीकडे जाते. ‘अग्निरोधक’ या शब्दावर विसंबून मोर्शीतील एखाद्या कारागिराने भट्टीला आतून हेच ठोकळे लावले, तर शब्द खरा मानल्याचा दंड त्यालाच भरावा लागेल. भिंतीची अग्निसहता तासांत मोजतात. मापाशिवायचे विशेषण ही केवळ ग्वाही होय.

तेव्हा पहिल्या गुणास ‘अज्वलनशील’, दुसऱ्यास ‘उष्णतारोधक’ आणि तिसऱ्यास अंशांच्या आकड्यासह ‘तापसह’ म्हणावे. संस्कृत धातू व प्रत्यय यांवर परिभाषा उभारण्याचा मोठा प्रयत्न डॉ. रघुवीर यांनी नागपुरात केला. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पद्धतीचे बळ नियमिततेत आहे. पण प्रत्यय नियमित असला म्हणून अर्थ आपोआप नेमका होत नाही.

‘बंधक’ या शब्दाचेही तसेच. चिकटविणाऱ्या द्रव्यास तो योजला, तरी सामान्य वाचकास त्यातून आधी गहाणाचा अर्थ ऐकू येतो. ‘सांधद्रव्य’ हा शब्द अधिक स्वच्छ वाटतो. मिश्रणासाठी तर ‘गारा’ हा गवंड्याचा शब्द तयारच आहे. वऱ्हाडात मातीत कुटार कालवून चूल लिंपणाऱ्या बाईस या ठोकळ्याचे तत्त्व अपरिचित नाही : आचेने कुटार जळते, छिद्रे उरतात आणि त्यांत हवा कोंडून राहते. परिभाषाकाराने कोश उघडण्यापूर्वी हे व्यवहार पाहावेत. येथे चुकीच्या शब्दाची किंमत कागदावर नव्हे, भट्टीपाशी मोजावी लागते.